‘पाहिजेच’ आणि ‘लागतेच’ : समुपदेशनाच्या खोलीतील मराठी

मानसोपचारावरचे मराठी लेखन आता थोडेथोडके राहिलेले नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही संस्था उभी केली, आणि त्या आगेमागे मनाच्या आजारांविषयी, व्यसनांविषयी, उपचारांविषयी मराठीत सातत्याने पुस्तके येऊ लागली. नाडकर्ण्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘शहाण्यांचा सायकिॲट्रिस्ट’ आहे. मनाच्या डॉक्टरकडे फक्त वेडे जातात, या समजुतीशी ते नाव मुखपृष्ठापासूनच भांडते. या पुस्तकांची परीक्षणे आली, ती बहुतेक आशयाची : माहिती अचूक आहे का, मांडणी सोपी आहे का, वाचकाला धीर मिळतो का. त्यांच्या भाषेची समीक्षा मात्र फारशी वाचायला मिळत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. चंद्रपुरात राहून जमेल तसे वाचत आलेला, शब्दांचा नाद असलेला वाचक आहे. त्यामुळे उपचार योग्य की अयोग्य हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. त्या खोलीत दोन माणसे कोणत्या मराठीत बोलतात आणि त्या मराठीने काय घडते किंवा बिघडते, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत बसून विचारला, तर त्याचे उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे येते, असे मला दिसते.

१

सुरुवात ‘समुपदेशन’ या शब्दापासूनच करावी लागेल. शब्द सुबक आहे, पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे. ज्या व्यवसायाचा पहिला नियम ‘उपदेश करू नका’ असा आहे, त्याला आपण मराठीत हे नाव दिले. शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या वापरावर राज्य करत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून वापरच पाहू.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर कुठे पडतो? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या पूर्वी ‘समुपदेशनाने’ होत. तिथे समुपदेशन म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे नाव पुकारले जाणे आणि उरलेल्या शाळांतून एक निवडणे. कोणाच्या वाट्याला एटापल्ली किंवा भामरागड येणार, याची धास्ती घेऊन माणसे त्या सभागृहात बसत. सरकारी रुग्णालयात ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असते. तिथे ते एच.आय.व्ही.च्या चाचणीशी जोडलेले आहे, त्यामुळे त्या दाराशी कोणी पाहू नये असे येणाऱ्याला वाटते. नवरा-बायकोचे भांडण पोलिसांत गेले की त्यांना समुपदेशनाला बोलावतात. तिथे बहुधा संसार टिकवण्यासाठीच समजूत घातली जाईल, असे धरूनच माणूस जातो. अल्पवयीन मुलीचे लग्न थांबवले, की वर्तमानपत्रात बातमी येते : ‘पालकांचे समुपदेशन करण्यात आले.’

या शेवटच्या वाक्याचे व्याकरण बघण्यासारखे आहे. समुपदेशन नेहमी कोणाचे तरी ‘केले’ जाते. ज्याचे ते होते तो षष्ठीत अडकलेला असतो, आणि करणारा तर कर्मणी प्रयोगात दिसतही नाही. आपण माणसा‘शी’ बोलतो, पण समुपदेशन माणसा‘चे’ करतो, जसे मुलांचे लसीकरण किंवा गुरांचे दाखले. म्हणून गोंडपिपरीच्या किंवा कुरखेड्याच्या माणसाला ‘तुम्ही समुपदेशनाला जा’ असे सांगितले, की त्याला एवढेच ऐकू येते : माझे काहीतरी चुकले आहे आणि आता मला समज दिली जाणार आहे. तो जात नाही. त्याच्या न जाण्याला आपण अज्ञान म्हणतो, पण शब्दाचा त्याने काढलेला अर्थ व्यवहाराला धरूनच असतो.

दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाला काय म्हणायचे, हाही गुंता सुटलेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द ठामपणे पुढे आणला आणि १९५१ मध्ये तो थेट पुस्तकाच्या नावात नेला. त्यामागे भूमिका होती : समोरचा आजारी नाही, तो स्वतःच्या आयुष्याचा जाणकार आहे आणि मदत मागायला स्वतःहून आला आहे. मराठीत ‘अशील’ वकिलाकडे गेला, ‘ग्राहक’ दुकानात गेला, ‘रुग्ण’ दवाखान्यात राहिला, आणि सरकारी योजनेत तोच माणूस ‘लाभार्थी’ झाला. लेखकांनी नाइलाजाने ‘क्लायंट’ तसाच ठेवला. शब्द ठेवला, पण त्यामागची समान पातळीची कल्पना त्याच्याबरोबर आलीच असे नाही.

२

या पार्श्वभूमीवर मराठीत खासगी मानसोपचाराची जी एक पद्धत खरोखर रुजली, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत. एलिस यांनी मनोविश्लेषणाचा रस्ता सोडून १९५५ पासून ती मांडायला सुरुवात केली. मुंबईतले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती भारतात आणली. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि आपल्या खासगी व्यवसायात व प्रशिक्षणवर्गांत त्यांनी ही पद्धत भारतीय माणसाच्या अंगाने वापरून दाखवली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली, तसेच फडक्यांवर ‘गुरू विवेकी भला’ हे पुस्तक लिहिले. नाडकर्ण्यांचे ‘स्वभाव-विभाव’ याच पद्धतीची ओळख करून देते. एखाद्या उपचारपद्धतीला तिच्या नावाने कादंबरी मिळावी, हे मराठीतले अपूर्व उदाहरण म्हणावे लागेल.

पद्धतीचा गाभा थोडक्यात असा. घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो. पण त्रास थेट घटनेतून येत नाही, मध्ये आपला दृष्टिकोन असतो. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ हा हट्ट झाला. इच्छा पुरी न झाल्यास माणूस खिन्न होतो, हट्ट पुरा न झाल्यास खचतो. उपचारक हा हट्ट शोधून काढतो, त्याच्याशी वाद घालतो, घरी करायला अभ्यास देतो, आणि हळूहळू हा वाद स्वतःशी घालायला शिकवतो. बरा झालेला माणूस उपचारकाकडे पुन्हा पुन्हा येत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस हा एलिस यांच्या विचाराचा मान्य पूर्वज होता.

मराठीत ही पद्धत परकी वाटली नाही, याची कारणे भाषेतच आहेत. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत आपल्याकडे रामदासांच्या मनाच्या श्लोकांपासून घराघरांत पाठ आहे. ‘विवेक’ हा शब्द संतांनी वापरला आणि आगरकरांच्या परंपरेनेही वापरला, त्यामुळे देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला तो सारखाच आपला वाटतो. शिवाय मराठीने या पद्धतीला एक फार उपयोगी अक्षर दिले : ‘च’. इंग्रजीत हट्ट एका वेगळ्या क्रियापदात सापडतो. मराठीत तो एका अक्षरात सापडतो. ‘व्हायला पाहिजे’ आणि ‘व्हायलाच पाहिजे’ यांतला फरक चौथीतल्या मुलालाही ऐकू येतो. सिद्धांत न सांगता उपचारकाला त्या अक्षरावर बोट ठेवता येते.

मात्र याच ठिकाणी माझा आक्षेपही सुरू होतो. ‘गुरू विवेकी भला’ या नावात ‘गुरू’ आधी येतो, हे सहज झालेले नाही. मानसोपचारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्येच असे मांडले होते, की भारतात उपचारक आणि क्लायंट यांच्या नात्यासाठी गुरू-चेला हा नमुना अधिक जवळचा ठरू शकेल. ते निरीक्षण म्हणून खरे आहे. समोरचा माणूस उपचारकाला सर म्हणतो, मॅडम म्हणतो, निघताना वाकून नमस्कार करतो. पण ज्या पद्धतीत वाद घालायचा आहे, तिथे शिष्याने गुरूशी वाद कसा घालावा? तो मान डोलावतो. आपला हट्ट चुकीचा होता असे कबूल करतो. बाहेर पडतो, आणि हट्ट त्याच्याबरोबर बाहेर पडतो. ‘समुपदेशन’मधला उपदेश असा मागच्या दाराने आत येतो. एलिस किंवा फडके यांच्या विचारात हा दोष नाही. आपल्या नात्यांच्या व्याकरणात तो आहे, आणि म्हणूनच मराठीत ही पद्धत वापरणाऱ्याने तो आधी ओळखायला हवा.

३

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यासाठी पुन्हा आमच्या जंगलात यावे लागेल.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात आणि मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत पहाटे बायामाणसे जंगलात जातात. वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या याच दिवसांत वाढतात. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातली बाई पुढच्या वर्षी त्याच जंगलात जाते. तिला विचारा. ती म्हणेल, ‘जीव घाबरते, पण जावंच लागते.’

या वाक्यातही ‘च’ आहे. कानाला तो तोच ‘च’ वाटतो. पण ‘पाहिजेच’ आणि ‘लागतेच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाहिजेच’ हे मनाने जगावर घातलेले बंधन आहे. ‘लागतेच’ हे जगाने माणसावर घातलेले. पहिल्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याशी वाद घालणे हा अन्याय आहे. तिची भीती अविवेकी नाही. उलट, भीती वाटली नाही तर काळजी करावी. तिला मदत करायची तर आधी कोणीतरी हे मान्य करावे लागेल, की तिचे म्हणणे खरे आहे. नुकसानभरपाईचा धनादेश भीतीला उत्तर देत नाही, आणि विचार बदलण्याचा सल्लाही देत नाही.

कोणी म्हणेल, की प्रत्यक्षातली अडचण आणि तिच्यावरून मनाला लावून घेतलेला त्रास, हा भेद खुद्द एलिस यांनीही केला आहे. हे बरोबर आहे. पण हा भेद सिद्धांतात जितका स्वच्छ आहे तितका खोलीत राहत नाही. शहरातल्या व्यवसायात येणारी प्रकरणे परीक्षेची, नोकरीतल्या बढतीची, लग्नातल्या अपेक्षांची. तिथे ‘पाहिजेच’ भरपूर सापडते, आणि उपचारकाचा कान त्यालाच सरावतो. असा सरावलेला कान घेऊन कोणी चंद्रपुरात खोली उघडली, की त्याला प्रत्येक ‘च’ हट्टाचा ऐकू येण्याचा धोका आहे. कोळसा खाणीत पाळीला जाणाऱ्याचे ‘जावंच लागते’, नवऱ्याच्या दारूपायी पहाटे कामाला निघणाऱ्या बाईचे ‘करावंच लागते’, आश्रमशाळेत मूल सोडून परतणाऱ्या बापाचे ‘ठेवावंच लागते’. यांतल्या प्रत्येक वाक्यात थोडे ‘पाहिजेच’ही मिसळलेले असू शकते. ते वेगळे काढणे हेच तर कौशल्य. पण आधी ‘लागतेच’ला मान द्यावा लागतो, तेव्हाच माणूस उरलेले सांगतो.

४

ऐकण्याचा हा धडा देणारे मराठी पुस्तक मानसोपचाराच्या कपाटात नाही. ते डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ आहे. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा दोन गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी अशी तपासणी झाली होती. एवढे दुखणे गावात होते आणि कोणी विचारले नाही म्हणून ते बोलले गेले नव्हते. ‘कानोसा’ हे त्या न बोललेल्याचे पुस्तक आहे. बायका आपल्या शरीराविषयी काय समजतात, कोणत्या शब्दांत सांगतात, कशाला नाव आहे आणि कशाला नाही, हे लेखिकेने त्यांच्याकडून शिकून मांडले आहे.

विषय स्त्रीरोगाचा असला, तरी समीक्षकाच्या नजरेने मला त्यात एक वेगळी ज्ञानरचना दिसते. तज्ज्ञ इथे सांगायला बसलेली नाही, शिकायला बसली आहे. शोधग्रामचे रुग्णालयही लोकांना विचारून आदिवासी खेड्याच्या धर्तीवर बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. जागेने आधी माणसाला ओळखावे, मग माणसाने जागेला, असा तो क्रम आहे. ‘कानोसा घेणे’ म्हणजे भिंतीला कान लावून चाहूल घेणे. समोरच्याने अजून उच्चारले नाही ते ऐकणे. मानसोपचाराच्या पहिल्या तासाला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

मात्र कानोशावर सारे सोपवता येणार नाही. इथे परंपरेने ऐकणारा माणूसही आहेच. गावातला पुजारी. तो एकट्याला बसवत नाही, घर बसवतो. दुखण्याचे कारण नात्यांत शोधतो. त्यात शहाणपणही आहे. पण त्याच शोधातून ‘कोणी केले’ हा प्रश्न निघाला, की पुढे काय होते हे आम्ही पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध बाया-माणसांना बांधून मारहाण झाली. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तेव्हा लोकांची भाषा ऐकायची म्हणजे लोकांचे निदान स्वीकारायचे, असे नव्हे. विवेकाचा आग्रह सोडून चालणार नाही. फक्त तो दुसऱ्या पायरीवर यावा.

५

‘ग्रामीण आणि आदिवासी माणसाला भावना शब्दांत सांगता येत नाहीत, म्हणून तो पोटदुखी-डोकेदुखी सांगतो’, हे विधान आपल्याकडे वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतील. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात दारू, सासुरवास, बापलेकाची ताटातूट, सगळे मोठ्याने बोलले जाते, आणि मंडपात बसलेली माणसे उघडपणे रडतात. ज्या लोकांची रंगभूमी एवढी बोलकी आहे त्यांना भावनांची भाषा नाही, असे कसे म्हणावे? भाषा आहे, ती प्रमाण मराठी नाही. ती झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्यात तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली आहे. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरते’, ‘डोक्यात काहीबाही येते’ या वाक्यांत उदासी, भीती, चिंता यांचे बारकावे असतात. ‘टेन्शन’ हा एक इंग्रजी शब्द तर आता सर्वांनी आपला करून त्यात हवे ते भरले आहे.

माडिया बोलणारी बाई आणि मराठी बोलणारा मानसशास्त्रज्ञ समोरासमोर आले, की मध्ये दुभाषा लागतो. तो बहुधा तिचाच शिकलेला पुतण्या किंवा भाचा असतो. मग खोलीत खासगी असे काय उरले? ‘खासगी’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, सरकारी नसलेला, म्हणजे पैसे घेणारा. दुसरा, चारचौघांत न सांगण्याचा. आमच्याकडे पहिला अर्थ वाढला आहे आणि दुसरा दुर्मीळ झाला आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दार लावलेली खोली मिळते. बाकीच्यांना रांगेत, सगळ्यांसमोर, मनातले सांगावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, फी भरणाऱ्यापुरता नाही.

मोठ्या अभ्यासांत हा भाग फारसा दिसत नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचे आढळले. त्या १२ राज्यांत आमचे शेजारी छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. पण विदर्भातच उत्तराची एक दिशा दिसली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत नैराश्य ओळखणे, धीर देणे आणि गरज पडल्यास पुढे पाठवणे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू आणि तंबाखूच्या, म्हणजे आमच्या भाषेत खर्ऱ्याच्या, व्यसनावर गावपातळीवर काम करत आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे उपचार होतात. या कामांत डिग्रीपेक्षा आधी बोली पोचते, असे मला वाटते. शेजारची बाई ‘कसं वाटते तुले?’ असे विचारते, तेव्हा कोणाचे काही ‘केले’ जात नाही.

मग खासगी व्यवसाय करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे इथे काम काय? माझ्या मते भरपूर आहे. गावातल्या माणसाला जे देता येत नाही ते अंतर त्याच्याकडे आहे. शेजारणीला सांगितलेले विहिरीवर पोचू शकते. त्याच्या खोलीत सांगितलेले तिथेच राहते. वाद घालण्याचे शास्त्रही त्याच्याकडे आहे, आणि ‘पाहिजेच’ इथेही काही कमी नाही. नागपूर-कोट्याला शिकवणीसाठी पाठवलेल्या मुलांच्या घरी ते रोज ऐकू येते. फक्त त्याने दोन ‘च’ वेगळे ऐकावेत, एवढी अपेक्षा.

लेखकांकडूनही एक अपेक्षा आहे. मी वाचलेल्या मराठी मानसोपचाराच्या पुस्तकांत क्लायंटच्या तोंडची वाक्ये बहुधा लेखकाच्याच मराठीत असतात. नाव आणि गाव बदलणे गोपनीयतेसाठी आवश्यकच आहे; पण त्यासोबत बोलीही बदलून टाकली, की माणसाचे ‘लागते’ पुसले जाऊन तिथे ‘पाहिजे’ येऊ शकते, आणि वाचकाला ते कळतही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या कोणी आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहायला घेतले, तर त्याने ओळखीच्या सगळ्या खुणा खुशाल पुसाव्यात. क्रियापदे मात्र आहेत तशी ठेवावीत.